स्टुअर्ट (रणगाडा)

स्टुअर्ट हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन बनावटीचा हलका रणगाडा होय. अमेरिकी सैन्यात तो एम३ आणि त्याची सुधारित आवृत्ती एम५ या नावांनी ओळखला जाई. १९४१ ते १९४४ या काळात दोन्ही मिळून २२,००० हून अधिक रणगाडे तयार झाले आणि ते उत्तर आफ्रिका, फिलिपिन्स, ब्रह्मदेश, युरोप अशा जवळजवळ सर्व रणांगणांवर वापरले गेले. महायुद्धाच्या मध्यावरच तो कालबाह्य ठरू लागला होता. तरीही भारतीय सैन्याच्या इतिहासात त्याचे स्थान महायुद्धापेक्षा त्यानंतरच्या काश्मीर युद्धामुळे (१९४७–४८) पक्के झाले. एप्रिल १९४८ मधील राजौरीची चढाई आणि नोव्हेंबर १९४८ मधील जोजिला खिंडीची लढाई या दोन्ही प्रसंगी स्टुअर्ट रणगाडे आघाडीवर होते. दोन्ही ठिकाणी त्यांची वाट आधी अभियंता दलाच्या जवानांनी तयार केली. राजौरीच्या वाटेवरील कामासाठी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले.

नाव

अमेरिकेकडून मिळालेल्या रणगाड्यांना तेथील यादवी युद्धातील सेनानींची नावे देण्याची पद्धत ब्रिटिशांनी पाडली. ली, ग्रँट, शर्मन ही नावे अशीच रूढ झाली. स्टुअर्ट हे नाव दक्षिणेकडील राज्यांच्या घोडदळाचे सेनापती जे. ई. बी. स्टुअर्ट यांच्यावरून आले. शत्रूच्या फौजेभोवती वेगाने फेरी मारून बातमी आणणे ही या सेनापतीची ख्याती होती. हलक्या रणगाड्याकडूनही तीच अपेक्षा असते, तेव्हा नाव समर्पकच म्हटले पाहिजे. ब्रिटिश सैनिकांनी त्याला लाडाने 'हनी' म्हटले. यांत्रिक बिघाडांनी त्रासलेल्या सैनिकांना कुरकुर न करता चालणारे वाहन मिळाल्याचा तो आनंद होता.

'टँक' या इंग्रजी शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पहिल्या महायुद्धात हे गुप्त यंत्र तयार होत असताना ते पाण्याच्या टाक्या असल्याची बतावणी करण्यात आली आणि तेच नाव पुढे चिकटले. पाणी साठविण्याची जागा या अर्थाचा हा इंग्रजी शब्द गुजराती-मराठीतील टांकी, टाके या शब्दांच्या कुळातून आणि पोर्तुगीजांच्या तत्सम शब्दाच्या संगतीने घडला असावा, असे इंग्रजी कोशकार मानतात. म्हणजे आपला शब्द साहेबाने नेला, त्याचा युद्धयंत्राला उपयोग केला, आणि आपण मात्र त्या यंत्रासाठी 'रणगाडा' हा अधिक स्पष्ट शब्द वापरला.

रचना

१९४० च्या मे-जूनमध्ये जर्मनीच्या रणगाड्यांनी फ्रान्सचा पाडाव केला. त्या मोहिमेवरून अमेरिकी लष्कराने जो धडा घेतला त्यातून एम३ जन्मला. आधीच्या एम२ या हलक्या रणगाड्याचे चिलखत अपुरे होते; ते जाड करायचे तर वजन वाढणार आणि वजन वाढले तर रणगाडा मऊ जमिनीत रुतणार. अभियंत्यांनी यावर साधा पण चांगला उपाय काढला. मागच्या बाजूचे जे चाक पट्टा ताणून धरण्यासाठी हवेत अधांतरी असे, ते खाली आणून जमिनीला टेकविले. त्यामुळे पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग लांबला आणि वाढलेला भार अधिक क्षेत्रावर विभागला गेला. रणगाड्यासाठी एकूण वजनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, जमिनीवर पडणारा दाब महत्त्वाचा असतो, हे विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे.

मार्च १९४१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील बर्विक येथे अमेरिकन कार अँड फाउंड्री या रेल्वेचे डबे बनविणाऱ्या कंपनीत त्याचे उत्पादन सुरू झाले. एम३ चे वजन सुमारे १२.७ टन, लांबी सुमारे साडेचार मीटर आणि उंची सुमारे २.६ मीटर होती. चार माणसांचा चमू त्यात बसे: चालक, सहचालक, तोफची आणि कमांडर. कमांडरलाच तोफेत गोळा भरावा लागे. त्यामुळे ऐन लढाईत त्याचे लक्ष दुभागले जाई. मुख्य शस्त्र ३७ मिलिमीटर व्यासाची तोफ होते आणि तिच्या जोडीला ब्राउनिंग मशीनगन होत्या. चिलखताची जाडी सर्वांत पातळ ठिकाणी १३ मिलिमीटर, तर तोफेभोवतीच्या जाड भागात ५१ मिलिमीटरपर्यंत होती. सपाट रस्त्यावर ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने तो धावे. त्या काळच्या रणगाड्यांच्या मानाने हा वेग मोठाच होता. एका भरणीत तो जेमतेम १२० किलोमीटर जाई, ही त्याची उणी बाजू.

इंजिन मूळचे विमानाचे होते. काँटिनेंटल कंपनीचे सात सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे हे पेट्रोल इंजिन सुमारे २५० अश्वशक्तीचे होते. त्याचे सिलिंडर मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसविलेले असत. विमानात ही मांडणी उत्तम, पण रणगाड्यात तिचे दोन परिणाम झाले. इंजिन उंच असल्याने रणगाडाही उंच झाला आणि शत्रूला लांबून दिसू लागला. दुसरे म्हणजे इंजिनाचा मध्य उंचावर, तर ज्याला शक्ती द्यायची तो गिअरबॉक्स पुढे खाली. त्यामुळे दोहोंना जोडणारा दांडा चमूच्या बसण्याच्या जागेतून तिरका जाई आणि आतल्या माणसांना तो ओलांडून हालचाल करावी लागे. इंजिन बराच वेळ बंद राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल साचे. म्हणून सुरू करण्यापूर्वी ते हाताने फिरवून घ्यावे लागे.

ही जात विमानांसाठीही हवी होती. इंजिनांचा तुटवडा पडू लागला तेव्हा जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाने आपल्या मोटारींची आठ सिलिंडरांची दोन इंजिने शेजारी शेजारी बसवून पाहिली आणि त्यांना हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडला. मोटारगाडीसाठी तयार झालेली ही यंत्रणा रणगाड्याला अनपेक्षितपणे मानवली. चालकाला गिअर बदलण्याची दगदग उरली नाही, आतील जागा वाढली आणि तिरक्या दांड्याचा त्रासही कमी झाला. या आवृत्तीला आधी एम४ म्हणायचे ठरले होते. पण तो क्रमांक शर्मनला गेल्यामुळे ती एम५ झाली. तिचे पुढचे चिलखत उतरते आणि वितळजोडाचे होते व वजन सुमारे १५ टनांपर्यंत गेले होते. ब्रिटिश आणि भारतीय सैन्यात हिलाच स्टुअर्ट मार्क ६ म्हणत. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात मोटारींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. जनरल मोटर्सचा स्वतःचा कारखाना २००८ ते २०२० या काळात तळेगावला होता. मोटारीची जुळणी करणारी साखळी थोड्या फेरफाराने रणगाडे देऊ शकते, हे १९४२ मध्ये त्याच कंपनीने दाखवून दिले होते.

महायुद्धातील आरंभीची कामगिरी

स्टुअर्टची पहिली मोठी लढाई लिबियाच्या वाळवंटात झाली. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी ब्रिटिशांनी 'क्रुसेडर' ही मोहीम सुरू केली. तीत चौथ्या चिलखती ब्रिगेडकडे सर्वस्वी स्टुअर्ट रणगाडे होते. वेग व विश्वासार्हता यांत ते सरस ठरले. परंतु जर्मन रणगाडे आणि विशेषतः रणगाडाभेदी तोफा दुरूनच मारा करीत, तेव्हा ३७ मिलिमीटरची तोफ जवळ गेल्याशिवाय उपयोगी पडेना. जवळ जायचे तर पातळ चिलखत आड येई. नुकसान फार झाले. यानंतर ब्रिटिशांनी स्टुअर्टला समोरासमोरच्या लढाईतून हळूहळू बाजूला काढून टेहळणीचे काम दिले. कित्येकांचे फिरते बुरूज काढून टाकले गेले, कारण टेहळणीला उंची नको आणि तोफेपेक्षा वेग बरा.

पूर्वेकडे चित्र वेगळे होते. २२ डिसेंबर १९४१ रोजी फिलिपिन्समध्ये अमेरिकी स्टुअर्ट आणि जपानी हा-गो रणगाडे समोरासमोर आले. महायुद्धातील अमेरिकी रणगाड्यांची शत्रूच्या रणगाड्यांशी ती पहिली चकमक. हा-गो साडेसात टनांच्या आसपासचा, सुमारे १२ मिलिमीटर चिलखताचा होता. जर्मनांपुढे दुबळा ठरलेला स्टुअर्ट जपान्यांपुढे तुल्यबळ होता. जंगलात लढाई जवळून होते; तेथे दूर पल्ल्याच्या तोफेचे महत्त्व कमी होते आणि छर्ऱ्यांचा गोळा मोठे काम करतो. रणगाडा बलवान की दुर्बल हे पुष्कळदा त्याच्या पोलादापेक्षा समोर कोण आणि पायाखाली कोणती जमीन यावर ठरते. स्टुअर्टच्या बाबतीत हे वारंवार दिसते.

ब्रह्मदेश

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिशांची सातवी चिलखती ब्रिगेड रंगूनला उतरली. तिच्या दोन्ही रेजिमेंटांकडे स्टुअर्ट होते. रंगून पडत असताना ती आली आणि पुढचे तीन महिने माघार घेणाऱ्या सैन्याची पाठराखण करीत राहिली. मे महिन्यात चिंदविन नदीच्या काठी श्वेजिन येथे रणगाडे पलीकडे नेण्याची सोय नव्हती. चमूंनी इंजिनांतले तेल काढून टाकून ती सुरू ठेवली आणि आपलेच रणगाडे निकामी केले. एकच रणगाडा नदीपार जाऊ शकला. त्याचे नाव 'कर्स ऑफ स्कॉटलंड'. पत्त्यांतील चौकटच्या नव्वीला इंग्रजीत हे टोपणनाव आहे. पुढे त्याचा बुरूज काढून त्याला आज्ञावाहन करण्यात आले आणि तो सातव्या लाइट कॅव्हलरी या भारतीय रेजिमेंटकडे गेला. १९४५ मध्ये त्या रेजिमेंटबरोबर तो पुन्हा ब्रह्मदेशात उतरला.

ही रेजिमेंट १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत २५४ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडच्या दुसऱ्या रेजिमेंटकडे अवजड ली रणगाडे होते. इंफाळभोवतीच्या टेकड्यांवर आणि अरुंद वाटांवर चालविण्याचा जो अनुभव सातव्या कॅव्हलरीला मिळाला, तो चार वर्षांनी वेगळ्याच डोंगरांत कामी आला.

राजौरी, एप्रिल १९४८

फाळणीनंतर चिलखती रेजिमेंटांची वाटणी झाली. सातवी लाइट कॅव्हलरी आणि सेंट्रल इंडिया हॉर्स या भारताकडे राहिल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर आक्रमण झाले. जम्मू प्रांतातील नौशेराच्या पुढचे झांगर भारताने डिसेंबरमध्ये गमावले आणि १८ मार्च १९४८ रोजी परत घेतले. त्यापुढचे लक्ष्य राजौरी होते. तेथून येणाऱ्या निर्वासितांच्या कहाण्यांमुळे विलंब परवडणारा नव्हता. ब्रिगेडियर यदुनाथ सिंग यांच्या हाताखालील १९ व्या पायदळ ब्रिगेडने ८ एप्रिलला चढाई सुरू केली. आघाडीला चौथी डोग्रा पलटण होती आणि तिच्याबरोबर सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे.

नौशेरा–राजौरी रस्ता डोंगराच्या कुशीतून वळणे घेत जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. अशा रस्त्यावर रणगाड्याला बगल देता येत नाही. पुढचा अडला की मागचे सगळे अडतात. शत्रूने हे ओळखून रस्ता सुरुंगांनी, पाडलेल्या देवदार-चीड वृक्षांनी आणि उडविलेल्या मोऱ्यांनी जागोजाग तोडला होता. त्यामुळे ही चढाई किती वेगाने होणार हे रणगाड्याच्या इंजिनावर अवलंबून राहिले नाही. ते ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीवर येऊन ठेपले. तिचे नेतृत्व सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे करीत होते.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंदिया गावी झाला. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. म्हणजे राजौरीच्या वाटेवर पाऊल टाकताना अधिकारपदाचा अनुभव चार महिन्यांचा, पण सैनिकीचा जवळजवळ आठ वर्षांचा.

८ एप्रिलला सकाळी सुरुंग काढण्याचे काम सुरू होताच तोफगोळ्यांचा मारा झाला. राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि पाच जखमी झाले; जखमींत राणेही होते. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि दिवसभर रणगाड्यांजवळ राहून काम चालू ठेवले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी डोग्रांनी घेतली. परिसर अजून पूर्ण मोकळा झाला नव्हता, तरी राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणमार्ग खोदू लागले. हे काम शत्रूच्या डोळ्यांदेखत रात्री दहापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पुन्हा सुरू झाले आणि दुपारी तीनला मार्ग तयार झाला.

रांग हलली. राणे सर्वांत पुढच्या वाहनात बसले. जेमतेम अर्धा मैल जातो तोच चीडाच्या झाडांचा अडथळा. उतरून स्फोटकांनी झाडे उडविली. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. तिच्याशेजारून मशीनगनच्या माऱ्यात वळण काढले. सव्वासहाच्या सुमारास उजेड मावळत असताना पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग आणि त्यावर रोखलेल्या मशीनगन. तेथे मात्र रांगेच्या प्रमुखाने मुक्काम करण्याचा निर्णय घेतला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडथळ्यापाशी होते. या वेळी स्टुअर्टच्या एका तुकडीने तोफांचे संरक्षण दिले आणि साडेसहापर्यंत अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी आणि ढासळविलेल्या बांधांनी भरलेले होते. ते साडेदहापर्यंत मोकळे झाले.

येथून पुढे रणगाड्यांनी रस्ता सोडला आणि ते तावी नदीच्या पात्रात उतरले. दगडगोट्यांच्या पात्रातून रणगाडा नेणे ही कल्पना धाडसाची होती. पंधरा टनांच्या आतले, चपळ यंत्र असल्यामुळेच ती शक्य झाली. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. मोगल काळापासून काश्मीरच्या वाटेवर असलेली आणि जहांगीर बादशहाच्या मृत्यूशी निगडित मानली जाणारी सराई येथे आहे. परंतु शिधा, दारूगोळा आणि जखमी यांची ने-आण करणारी वाहने पात्रातून जाऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी राणे अन्न-विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करीत राहिले. ११ तारखेला सकाळी सहापासून अकरापर्यंत त्यांनी चिंगसचा रस्ता खुला केला आणि त्या रात्री दहापर्यंत पुढचा. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत शिरले.

सुरुंग टाळण्यासाठी राणे चालत्या रणगाड्याखाली दोन पट्ट्यांच्या मधून सरपटत गेले आणि दोरीने चालकाला इशारे देत राहिले, अशी हकिगत अनेक लोकप्रिय चरित्रलेखांत आढळते. परमवीर चक्राच्या मानपत्रात तिचा उल्लेख नाही. मानपत्रातील घड्याळाच्या काट्यागणिक नोंदवलेला चार दिवसांचा तपशील मात्र त्या हकिगतीहून कमी थरारक नाही, आणि अधिक भरवशाचा आहे.

राणे १९६८ मध्ये मेजर या पदावरून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीला आहे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडला की मुळेपलीकडे दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. तेथे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राजौरीच्या रस्त्यावर जे काम झाले, त्याचेच शिक्षण या दोन्ही ठिकाणी दिले जाते.

जोजिला, नोव्हेंबर १९४८

उत्तरेकडे परिस्थिती बिकट होती. १९४८ च्या मे-जूनमध्ये द्रास व कारगिल शत्रूच्या हाती गेले आणि श्रीनगर–लेह मार्ग तुटला. ऑगस्टमध्ये स्कर्दू पडले. लेहला जमिनीवरून पोहोचण्याची वाट सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या जोजिला खिंडीतून होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवर, गुहांतून व दगडी मोर्चांतून शत्रूच्या मशीनगन रोखलेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये ७७ व्या पॅराशूट ब्रिगेडचे समोरून झालेले हल्ले अयशस्वी ठरले. हिवाळा तोंडावर आला होता. बर्फ पडले की खिंड वसंतापर्यंत बंद राहणार आणि तोवर लेह टिकणे कठीण.

मेजर जनरल के. एस. थिमय्या यांनी खिंडीवर रणगाडे न्यायचे ठरविले. एवढ्या उंचीवर तोपर्यंत कोठेही रणगाड्यांची लढाई झालेली नव्हती, त्यामुळे शत्रूला ती शंकाही येण्याचे कारण नव्हते. काम लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्या सातव्या लाइट कॅव्हलरीकडे आले. सैन्यात सर्वजण त्यांना 'स्पॅरो' या टोपणनावाने ओळखत. त्यांचे स्टुअर्ट जम्मू भागात होते. बनिहालमार्गे श्रीनगरकडे जाणारा रस्ता अरुंद आणि पूल कमकुवत. म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेण्यात आले. याने पुलावरचा भार कमी झाला आणि बुरूज नसलेले, ताडपत्रीने झाकलेले वाहन रणगाडा म्हणून ओळखू येण्याची भीतीही उरली नाही. खिंडीच्या पायथ्याशी बालताल येथे बुरूज पुन्हा बसविले गेले.

येथे स्टुअर्टच्या हलकेपणाचा खरा हिशेब लागतो. शर्मन रणगाडा सुमारे ३० टनांचा होता. त्या पुलांवरून तो गेलाच नसता. वाळवंटात ज्या अवगुणासाठी स्टुअर्टला मागे ठेवले गेले, त्या अवगुणामुळेच तो जोजिलाच्या पायथ्याशी पोहोचला.

पायथ्यापासून वर जाण्यासाठी मात्र खेचरांची वाट होती. मेजर थंगराजू यांच्या हाताखालील मद्रास सॅपर्सनी शत्रूच्या माऱ्याखाली, कडा फोडून आणि उताराला बांध घालून तिचा जीपयोग्य रस्ता केला. ठरलेला हल्ला बर्फवृष्टीमुळे पुढे ढकलावा लागला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी दुपारी रणगाडे वर सरकले. थिमय्या स्वतः आघाडीच्या रणगाड्यात होते. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असते. इंजिनाला श्वास कमी मिळतो आणि शक्ती त्याच प्रमाणात घटते. तरीही ते चढले. ३७ मिलिमीटरच्या तोफांनी जवळ जाऊन गुहांच्या आणि मोर्चांच्या तोंडांवरच गोळे टाकले. ज्या मशीनगनच्या गोळ्यांनी पायदळ अडवून धरले होते, त्या गोळ्या या पातळ चिलखतालाही भेदू शकत नव्हत्या, आणि रणगाडाभेदी तोफा तेथे आणण्याचे शत्रूच्या मनातही आलेले नव्हते. मागून पायदळाच्या पलटणी आल्या आणि संध्याकाळपर्यंत खिंडीपलीकडचे गुमरीचे मैदान हाती आले. १५ नोव्हेंबरला द्रास आणि २४ नोव्हेंबरला कारगिल परत मिळाले. लेहचा मार्ग हिवाळ्यापूर्वी मोकळा झाला. राजिंदर सिंग यांना महावीर चक्र देण्यात आले.

या लढाईचे वर्णन बहुधा रणगाड्यांचा पराक्रम असे केले जाते, आणि ते खोटे नाही. मात्र त्या दिवशी काही तास चाललेल्या चढाईमागे रस्ता करणाऱ्यांची कित्येक आठवड्यांची मेहनत होती. बंदुकीने उत्तर देण्याची सोय नसताना फावडे आणि सुरुंग हाती घेऊन माऱ्याखाली उभे राहणाऱ्या या माणसांची नावे लढाईच्या इतिहासांत फार थोडी आढळतात. राणे आणि थंगराजू हे अपवाद.

उत्तरकाळ

महायुद्ध संपण्यापूर्वीच, १९४४ मध्ये, अमेरिकेने स्टुअर्टच्या जागी ७५ मिलिमीटर तोफेचा चॅफी हा हलका रणगाडा आणला. उरलेले स्टुअर्ट लॅटिन अमेरिकेत व अन्यत्र दीर्घकाळ चालले; पॅराग्वेच्या सैन्यात तर काही एकविसाव्या शतकापर्यंत होते. भारतात त्यांची जागा १९५० च्या दशकात नव्या रणगाड्यांनी घेतली. ऑक्टोबर १९६२ मध्ये फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे विमानाने लडाखमधील चुशूलला पोहोचविण्यात आले, तेव्हा जोजिलाचा प्रयोग वेगळ्या वाहनाने पुन्हा झाला. १९७१ मध्ये गरीबपूरच्या लढाईत भारताच्या पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानच्या चॅफींचा पराभव केला. पुढे अवजड रणगाड्यांकडे ओघ वळला आणि हलका रणगाडा मागे पडला. लडाखमध्ये २०२० नंतर त्याची गरज पुन्हा भासली; संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि लार्सन अँड टुब्रो यांनी विकसित केलेला 'जोरावर' हा २५ टनांचा हलका रणगाडा २०२४ मध्ये प्रथम जाहीरपणे दाखविला गेला.

चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे आहे. १९९४ मध्ये तेथे रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून पुढच्या पिढ्यांच्या रणगाड्यांपर्यंत अनेक वाहने तेथे उघड्यावर मांडलेली आहेत. चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागले की एका दिवसात जाऊन येता येते. शाळांच्या सहलींनी शस्त्रे पाहताना त्यांच्या पट्ट्यांची रुंदी आणि पाट्यांवर लिहिलेली वजनेही अवश्य वाचावीत.